मागच्या चाकातली दोघांची हवा

हवा डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर माणसाने आंधळा विश्वास टाकू नये. आपल्या समाजात मात्र मोटरसायकलच्या चाकातली हवा अंगठ्याने दाबून पाहण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. अंगठा सही न येणाऱ्यांसाठी ठीक आहे, मोजमापासाठी नव्हे. (हे मत माझे वैयक्तिक असून संस्थेचा त्याच्याशी संबंध नाही.)

संस्था म्हणजे गोखिवऱ्याची आमची शुभदीप सहकारी गृहनिर्माण संस्था, आणि मी तिचा मानद सचिव. सन २००८ पर्यंत मीही अंगठेबहाद्दरच होतो. माझी मोटरसायकल मला आणि माझी पत्नी जयवंती हिला घेऊन नऊ वर्षे वसईभर हिंडली, आणि एवढ्या काळात चाकात हवा किती आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. आज आठवले तरी अंगावर काटा येतो.

या अंधारातून मला बाहेर काढले ते तळमजल्यावरच्या प्लासिडने. कुवेतची नोकरी संपवून तो त्या वर्षी कायमचा घरी आला, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याने शेजाऱ्यांसाठी काही ना काही आणले. अध्यक्ष हरिभाऊंना बाम मिळाला, जयवंतीला दुधाची पावडर, आणि मला सेन्सर. चाकाच्या व्हॉल्व्हवरची प्लास्टिकची टोपी काढायची, तिथे ही सेन्सरची टोपी बसवायची आणि हँडलवर एक छोटा पडदा लावायचा. पडद्यावर हवेचा आकडा दिसतो आणि हवा कमी झाली की तो पीप पीप करतो. संच मुळात मोटारीचा, त्यामुळे टोप्या चार होत्या. दोन मी वापरल्या. उरलेल्या दोन चाकांत हवा शून्य आहे, असे यंत्र पहिल्याच दिवसापासून बजावू लागले. जी चाके अस्तित्वातच नाहीत त्यांत हवा नसणार, हे त्याचे म्हणणे तर्काला धरून होते, म्हणून मी ते पीप पीप सहन केले.

यंत्राने माझ्या ज्ञानात पुष्कळ भर घातली. गाडी उन्हात उभी केली की हवा दोनने वाढते आणि सावलीत आणली की गुपचूप उतरते. पेट्रोल पंपावरचा काटा यंत्रापेक्षा तीनने जास्त दाखवतो. दोघांत खरे कोण हे ठरवण्यासाठी मी हाताने लावायचे तिसरे मापक आणले, तर त्याने दोघांनाही खोटे पाडले. तेव्हापासून मी तिघांची सरासरी काढतो. ती तिघांपैकी एकालाही मान्य नाही, पण लोकशाहीत हे चालायचेच.

सर्वांत धक्कादायक शोध पुढेच आहे. हवा रोज कमी होत होती. नऊ वर्षांत कधी कमी झाली नव्हती, ती यंत्र बसवल्यापासून होऊ लागली. यंत्र नसते तर ही गळती कुणाला कळलीच नसती. (त्या टोपीतूनच हवा जाते, असे प्लासिडचे मत पडले. पण किती जाते हे तरी टोपीमुळेच कळले ना?)

एवढी माहिती एकट्याने बाळगणे मला प्रशस्त वाटेना. गोखिवऱ्यात तेव्हा नळाला पाणी कधी येईल हे देवालाही सांगता येत नसे, टँकरवाल्याला तर त्याहून नाही. संस्थेचा फळा त्यामुळे कोराच राही. मी त्यावर रोज सकाळी लिहू लागलो : 'पाणी – अनिश्चित. हवा – पुढे २५, मागे ३२.' सभासदांनी या उपक्रमाचे स्वागत केले. (निदान इतिवृत्तात तसे लिहिले आहे. इतिवृत्त मीच लिहितो.)

मागच्या बत्तिसाबद्दल थोडा खुलासा. चेनकव्हरवर कंपनीचे स्टिकर आहे. त्यानुसार मागच्या चाकात एकट्या माणसासाठी अठ्ठावीस आणि मागे कुणी बसणार असेल तर बत्तीस हवा लागते. मी कायम बत्तीसच ठेवी. बाजार, बँक, बालवाडी, जयवंतीला कधी कुठे जायचे असेल याचा नेम नसे.

टोप्या चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांना एक खास नट होता आणि तो फक्त सोबत मिळालेल्या पान्यानेच निघे. हा पाना हरवू नये म्हणून तो संस्थेच्या कपाटात कुलपात ठेवावा आणि किल्ली अध्यक्षांच्या खिशात असावी, असा ठराव मी मांडला व तो एकमताने मंजूर झाला. यापुढे हवा भरायची तर टोपी काढायची, टोपी काढायला पाना हवा, पान्यासाठी कपाट आणि कपाटासाठी हरिभाऊ. दर रविवारी सकाळी हा विधी त्यांच्या उपस्थितीत पार पडे. हवेचा गैरवापर त्यामुळे पूर्ण थांबला.

जयवंती अकरा वर्षे बालवाडीत हंगामी शिक्षिका होती. दर जूनला नव्याने नेमणूक, दर एप्रिलला निरोप. त्या साली वसईतल्या एका शाळेत कायम जागा निघाली आणि तिला मुलाखतीचे बोलावणे आले. वेळ सकाळी दहाची. ती आठवडाभर आरशासमोर उत्तरे म्हणत होती. तिला सोडायला म्हणून मी खास रजा काढली, हेही नमूद करतो.

नऊला ती इस्त्रीची साडी नेसून, फाइल घेऊन खाली आली. मी किल्ली फिरवली. यंत्र जोरात वाजले. पुढे २२.

मी लगेच हरिभाऊंच्या दारी गेलो. ते होळीला गेले होते. (सण नव्हे, गाव. तिथली भाजी ताजी असते.) त्यांचा मोबाइल घरात टीव्हीवर ठेवलेला होता.

"चाकात हवा आहे ना?" जयवंतीने विचारले.

"आहे."

"मग निघू या की."

"आहे, पण हवी तेवढी नाही."

तिने घड्याळ पाहिले. पुढच्या चाकात तीन पौंड हवा कमी असेल तर वळणावर काय काय होऊ शकते, हे मी तिला समजावून सांगितले. गोखिवऱ्याहून वसईपर्यंत किती वळणे आहेत हेही सांगितले. बायको गप्प झाली की आतला दाब किती आहे ते दाखवणारे यंत्र अजून बाजारात आलेले नाही.

तेवढ्यात प्लासिड त्याची जुनी स्कूटर काढत होता. त्याने चपलेच्या टोकाने मागच्या चाकाला एक ठोकर दिली, समाधानाने मान हलवली आणि म्हणाला, "बसा वहिनी." जयवंती बसली. तिने मागे वळून पाहिले नाही.

मी सचिव या नात्याने प्लासिडला विचारले, की इतकी वर्षे कुवेतला काढलीस, मला सेन्सर आणलेस, मग स्वतःच्या गाडीला का लावले नाहीस?

"नाय रे," तो किक मारत म्हणाला. "मला जायचं असतं."

हरिभाऊ साडेअकराला माठाच्या दोन जुड्या घेऊन आले. पाना निघाला, टोपी निघाली, हवा भरली. बारा वाजता पुढच्या चाकात पंचवीस हवा होती. मी ती फळ्यावर लिहिली.

जयवंतीला नोकरी लागली. ती शाळेच्या पायऱ्या चढत असतानाच आतून तिचे नाव पुकारले गेले, म्हणे. हे मला प्लासिडच्या बायकोने, अँजेलिनाने सांगितले. जयवंतीने सांगितले नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटले. (इतिवृत्तात नोंद नाही.)

पुढे तिने स्वतःची स्कूटी घेतली. तिच्यात हवा किती आहे, तिला ठाऊक नाही. शाळा किती वाजता भरते ते ठाऊक आहे. माझी मोटरसायकल बहुतेक खालीच उभी असते. उभ्या गाडीची हवा सर्वांत अचूक मोजता येते, असा माझा निष्कर्ष आहे.

तरीही बरीच वर्षे मी मागच्या चाकात बत्तीसच ठेवली होती. एखाद्या दिवशी स्कूटी बंद पडली आणि तिने म्हटलेच सोडा म्हणून, तर हवेपायी पुन्हा उशीर नको. स्कूटी बंद पडली नाही. गेल्या रविवारी हरिभाऊंच्या उपस्थितीत मी चार पौंड हवा सोडून दिली. आता मागे अठ्ठावीस आहे. यंत्राची काही तक्रार नाही. नसलेल्या दोन चाकांबद्दल मात्र ते अजून वाजत असते.

आपण हे निवेदन इथवर वाचलेत, त्याअर्थी आपल्याला स्वतःला कुठे जायचे नाही. घरात दुसऱ्या कुणाला जायचे असेल. तयार होऊन दारात उभे राहून त्यांनी एकदा हाक मारली असेल, आणि 'आलोच, एवढे संपवतो' असे आपण म्हणाला असाल. काळजी नसावी. आमच्याकडे दोन टोप्या शिल्लक आहेत, आणि आपण पात्र आहात.