बाद ठरलेला फोटो क्रमांक ४१२

जपानातल्या ओमियाचे निवृत्त पोस्टमास्तर कुराता योशिनोबू यांच्याकडे त्यांच्या पत्नी तोमिएबाईंनी एकच मागणी केली होती: माझा एक चांगला फोटो काढा, मी गेल्यावर देव्हाऱ्यात ठेवायला. शहाणी माणसं ही सोय वेळेत करून ठेवतात. बाई सत्तरीच्या होत्या आणि शहाण्या होत्या.

"काढू की," कुराता म्हणाले. "पण कुठल्या लेन्सने?"

प्रश्न रास्त होता. त्यांच्या नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यात अठरा-पंचावन्न मिलिमीटरची लेन्स आली होती. शेजारच्या हामानोंच्या खोक्यातही अठरा-पंचावन्नचीच, फक्त कंपनी दुसरी. तुलनेसाठी मंडळ स्थापन झालं, मंडळाला शिक्का आला, आणि सार्वजनिक स्नानगृहाची विटांची भिंत प्रमाण म्हणून मंजूर झाली. चेहरे हलतात, विटा हलत नाहीत. सबब अंतिम अहवाल येईपर्यंत सदस्यांनी माणसांचे फोटो काढू नयेत, असा ठराव एकमताने झाला.

तीन वर्षं गेली.

"अहो, माझ्या फोटोचं काय झालं?"

"मधल्या विटा दोन्हींत सारख्याच स्पष्ट येतात. वाद कोपऱ्यांचा आहे. तू कोपऱ्यात बसशील का?"

"मी कोपऱ्यात बसणारी बाई नाही," तोमिएबाई म्हणाल्या.

एकदा हामानोंना सर्दी झाली. त्यांनी लेन्ससकट कॅमेरा पाठवून दिला आणि बटण दाबायला तोमिएबाईंना नेण्यात आलं. कुराता टेप धरून भिंतीपाशी अंतर मोजत होते. बाईंनी कॅमेरा किंचित वळवला आणि बटण दाबलं. त्या वर्षीच्या वहीत शेरा पडला: 'क्र. ४१२. बाद. चौकटीत मनुष्य.' बाद फोटो नष्ट करण्याची मात्र नियमांत तरतूद नव्हती.

त्या हिवाळ्यात कुराताच आधी गेले. घरात अकरा हजार फोटो निघाले, सगळे विटांचे, आणि एक ४१२. डाव्या कोपऱ्यात कुराता, हातात टेप, 'अगं, भिंत घे, भिंत' असं ओरडताना. तोमिएबाईंना हसू आलं आणि मग खूप रडू आलं. तोच मोठा करून त्यांनी वेदीवर ठेवला.

मंडळ अंत्यदर्शनाला आलं. हामानोंनी उदबत्ती लावली, फोटोपुढे वाकले ते वर येईचनात. किती लागलंय बिचाऱ्यांच्या मनाला, असं बायका कुजबुजल्या.

"वहिनी," हामानो अखेर म्हणाले, "कान धूसर आलाय. ही आमची लेन्स नव्हे."

"तुमचीच आहे, हामानोसान. सर्दी तुम्हाला झाली होती, लेन्सला नव्हती."

खजिनदारांनी खिशातून भिंग काढलं. मंत्र म्हणणारे भिक्षू थांबले आणि त्यांनी हळूच विचारलं, "किती मिलिमीटरला घेतलाय?"

दुसऱ्या दिवशी तोमिएबाईंनी स्टेशनबाहेरच्या, पैसे टाकून फोटो काढायच्या यंत्रात बसून स्वतःचा फोटो काढून घेतला. बरोबर मधोमध.

४१२ क्रमांकाचा फोटो या गोष्टीसोबत छापायची परवानगी आम्ही त्यांच्याकडे मागितली होती.

"नको," त्या म्हणाल्या. "वाचणारे आधी कान बघतील."

आमचे वाचक तसले नाहीत, असं आम्ही छातीठोकपणे सांगितलं.

"असं?" बाई म्हणाल्या. "मग हामानोंची कंपनी कुठली, हे त्यांनी अजून मनातसुद्धा विचारलं नाही?"