आधी दाखव, मग कर

आमच्या नानांना चहाचं आमिष दाखवून घरी बोलवावं लागत नाही. "नाना, माझ्या कॉम्प्युटरवर 'न्यू फोल्डर'च्या पोटात 'न्यू फोल्डर दोन' आहे आणि त्याच्या पोटात तीन आहे," एवढं म्हणायचं. हातातला घास ताटात टाकून माणूस हजर! जळगावात आमच्या अगदी समोर राहतात. भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी, जन्मभर अपडाउन. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, हे काळ्या पडद्याच्या नादी लागले.

काळा पडदा म्हणजे तो हो, ज्यात माउस चालत नाही, नुसत्या आज्ञा टाइप करायच्या. घराच्याच पुढच्या खोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. एका लग्नाचे हजारो फोटो, आणि कॅमेरा नावं देतो ती नुसती आकड्यांची. हळदीचा फोल्डर, त्यात दोन कॅमेऱ्यांचे दोन, त्यात आणखी कार्डांचे. एकेक नाव मी हाताने बदलत बसले असते तर अल्बम मिळेपर्यंत नवरीचं बाळंतपण उरकलं असतं. नाना चार ओळी लिहितात, त्या सगळ्या फोल्डरांत शिरतात, आणि हळद एक, हळद दोन करत अख्खं वऱ्हाड रांगेत उभं राहतं.

पण लगेच एंटर दाबतील तर ते नाना कसले! त्यांचं पालुपद ठरलेलं, "आधी दाखव, मग कर." आज्ञेच्या आधी एक शब्द लावला की कॉम्प्युटर खरं काही बदलत नाही, कुठल्या फाइलचं नाव काय होईल तेवढं दाखवतो. ही रंगीत तालीम. नाना ती वरपासून खालपर्यंत वाचतात.

"नाना, मुलीकडचे लोक दुकानात येऊन बसलेत!"

"बसू दे. तो काळा पडदा 'खरंच करू का' म्हणून विचारत नाही, बाई. सांगितलं की करून मोकळा."

बरं, तालीम फक्त कॉम्प्युटरवर असती तर चाललं असतं. भरताची वांगी घ्यायची तर आधी एकच घेतात, घरी नेऊन भाजतात, चाखतात आणि मग बाकीची आणायला परत बाजारात. भाजीवाली म्हणते, "नाना, वांगं न्यायचंय का जावई करायचाय?" पुतण्याचं लग्न धरणगावला होतं, तर आदल्या दिवशी जाऊन रिकामा मांडव बघून आले. दुसऱ्या दिवशी मांडवाची जागा बदलली आणि सगळ्यांत उशिरा नानाच पोचले. आम्ही हसून हसून बेजार.

आज अक्का असत्या तर त्याही हसल्या असत्या. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी, कमलअक्का. साक्रीकडच्या, शेवटपर्यंत खान्देशीच बोलल्या. त्यांना जाऊन दोनेक वर्षं झाली.

परवा माझा मोबाइल भरला. फोटो घेईना. नानांनी तो कॉम्प्युटरला जोडला आणि आत शिरले. आवाजी निरोपांचा एक फोल्डर निघाला, त्यात आठवड्याआठवड्याचे वेगळे फोल्डर, शेकडो फाइली, नावं सगळी आकड्यांची.

"उडवा ते," मी म्हटलं. "कोणाकोणाची बडबड असेल."

नानांचा हात थांबला. "ऐकल्याशिवाय?"

"अहो नाना, कोण ऐकत बसणार?"

नाना चष्मा काढून हळूच म्हणाले, "माझ्याकडे कमलचे असेच होते. मी भुसावळला, तिला टाइप करायचा कंटाळा. डबा खाल्ला का, येताना कोथिंबीर आणा, सगळं बोलून पाठवायची. मी उत्तरादाखल नुसता अंगठा. ती गेल्यावर सगळे कॉम्प्युटरवर घेतले, म्हटलं एका जागी नीट ठेवू. आज्ञा लिहिली. सगळ्यांना नाव दिलं 'कमल'. पुढे नंबर लावायचा राहिला."

"मग?"

"एका फोल्डरात एका नावाची एकच फाइल राहते गं. दुसरी आली, पहिली पुसली गेली. तिसरी आली, दुसरी गेली. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं संपलं. शेवटची तेवढी उरली. त्यात कुकरची शिट्टी आहे आणि ती म्हणते, 'दबाई गयं वाटस.' चुकून बटण दाबलं गेलेलं."

जुना मोबाइल तर त्यांनी नवा घेताना देऊनही टाकला होता. दुसरीकडे कुठे काही नाही. या माणसाच्या तालमींना आम्ही इतकं हसलो होतो.

आणि मग लख्ख आठवलं. "नाना! अक्का मलाही बोलूनच निरोप पाठवायच्या!"

मी मोबाइल ओढून घेतला, अक्कांचं नाव शोधलं, बोटाने वर वर सरकवत गेले. होते! चांगले वीस-पंचवीस होते. नाना खुर्चीच्या कडेला येऊन बसले. पहिला लावला, त्यात विरजण मागितलं होतं. नानांनी डोळे मिटले. आवाज ऐकूनच त्यांचा चेहरा इतका हलला की मला बघवेना. दुसरा लावला.

"वंदना, ह्या तुन्हाकडे चहा पेवाले उनात का वं? बसू दे त्यास्ले. घरमां मन्हासंगे बोलतस नहीत, तुन्हाकडे तरी बोलतस. माले आठून आयकू येस."

म्हणजे घरी अक्कांशी न बोलणारे नाना आमच्याकडे गप्पा छाटायचे तेव्हा अक्का समोरच्या ओट्यावर बसून त्या ऐकायच्या. आमचं दार उघडंच असायचं. मी मेलीने हा निरोप तेव्हा ऐकलाच नव्हता, मग कळणार कसं?

"परत लाव," नाना म्हणाले. मी परत लावला. आणखी एकदा लावला.

मग नाना बोलायला लागले. आमच्याशी बोलतात ते नाही, कॉम्प्युटरचं एक अक्षर नाही. साक्रीला तिला बघायला गेलो तेव्हा तिने कोणती साडी नेसली होती, पहिल्यांदा भुसावळला ऑफिस दाखवायला नेलं तेव्हा स्टेशनावर काय खाल्लं, तिच्या हातची कळण्याची भाकरी. कामाला आलेली गिऱ्हाइकं परत गेली, मी जाऊ दिली. नाना मोबाइल समोर धरून बोलत होते, आणि दर दोन वाक्यांनी थांबून त्यालाच विचारत होते, "असंच होतं ना गं?"