मथुराबाईंनी घंटा न वाजविल्याचे वर्तमान

श्रीजगदंबेस दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर चालू असता या राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. ऑस्ट्रिया देशी मागे एक थोर ग्रंथकार होऊन गेले, त्यांनी एका घंटा ओतणाऱ्या कारागिराची कथा लिहिली आणि कारागिराने नव्या घंटेचा दोर हाती घेतला येथवर आणून ते देवाघरी गेले. घंटा वाजली की तडकली, कोणास ठाऊक नाही. पूर्वी या राज्यात तिचे भाषांतर जाहले होते, त्यात घंटा वाजून वर कारागिराचे लग्नही लागले होते. मग मथुराबाई पळसुले यांनी जर्मन भाषा शिकून मुळावरून नवे भाषांतर मांडिले. बाई व्रतस्थ, पहाटे स्नान, तुळशीस पाणी आणि मग ग्रंथाचे पान उतरल्याविना अन्न घेणे नाही, ऐसा नेम. ऐसी वर्षे लोटली आणि ग्रंथ सिद्ध होऊन दरबारी छापखान्यात गेला, तो दिवाण भिकाजीपंतांची मर्जी फिरली.

पंतांनी बाईंस बोलावून आणविले आणि बोलिले, "मथुराबाई, हे काय? जेवायला बसवलंत आणि ताकभाताआधीच पान उचललंत! दोन ओळी टाका. घंटा वाजली, सगळे खूश. कुणाचं काय जातं?" बाई मृदू बोलत, इतक्या की चवरीवाल्यासही कान द्यावा लागे. बोलिल्या, "पंत, माझ्या व्रताचं उद्यापन मी करीन. दुसऱ्याच्या व्रताचं मी कसं करू?"

"अहो, ते गृहस्थ मेले की कधीच!"

"म्हणून तर. त्यांना विचारता येत नाही."

पंत कोपास चढले. "मग आमच्या छापखान्यात तुमचं एक अक्षर लागायचं नाही. बसा घरी पोथी कवटाळून!" एवढी सेवा वाळवीच्या तोंडी जाणार, हे बाईंस दिसले. डोळे भरले, तरी बोलिल्या, "बसेन. पण एकटी नाही बसायची."

मग मार्गशीर्षातील गुरुवारी देवीच्या सभामंडपात महालक्ष्मीची कहाणी जाहल्यावर बाई ग्रंथ वाचो लागल्या, आणि बायका हळदकुंकवाची तबके मांडीवर धरून ऐको लागल्या, आणि पुढील गुरुवारी मंडप पुरेना. शेवटले गुरुवारी दोर कारागिराच्या हाती आला आणि बाई थांबल्या. पुढे बसलेल्या वृद्ध आवडाक्का बोलिल्या, "अगं, मग वाजली का?"

"एवढंच लिहून गेले, आक्का."

"मेलं, आता झोप नाही यायची!"

तो पंतांचा हुजऱ्या पुढे सरला आणि दरबारी शेवट खड्या आवाजात वाचू लागला: घंटा वाजली, नगरी आनंद जाहला. आवडाक्का त्यास बोलिल्या, "ती तुमची घंटा, बाबा. वाजवा हवी तेवढी. आमची राहू दे बाईंनी ठेवलीय तिथं." मंडप हसला आणि हुजऱ्या जोडे शोधीत निघाला. मग बायकांनी मिळून ग्रंथ गावच्या लहान छापखान्यात दरबारी मोहरेविना छापविला.

सारांश, दरबारने आग्रह केला, बाईंनी मानिला नाही, ग्रंथ होता तैसा लोकांत गेला. हेही घडले तैसे लिहिले. पदरची ओळ घातली नाही.