शिंकायला येणारे खंडूभाऊ

लोक शेजारी विरजण मागायला जातात. खंडूभाऊ आमच्याकडे शिंकायला येत. चिंचवडात त्यांचं घर आळीच्या त्या टोकाला, आमचं या टोकाला. तेवढं अंतर ते नाक दाबून पळत यायचे. माझ्या बायकोला "वहिनी, जरा शिंकून घेतो," म्हणत थेट परसात. मनसोक्त शिंकायचे, मिशा पुसायचे आणि घरी जायचे.

पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात आम्ही एकाच शिफ्टला. तिथे हा गडी पाठ धरून कण्हायचा, खोकायचा. घराचा उंबरा ओलांडला की पैलवान. "मला काय धाड भरलीय?" हे पालुपद.

शेवटी एकदा मी विचारलंच.

"आमच्या मंडळीच्या गळ्याला धातू सोसत न्हाई, राव," ते म्हणाले.

सारजावहिनींचं मंगळसूत्र मुलाम्याचं. घाम आला की मान लाल व्हायची, पुरळ उठायचं, मग चिघळायचं. वैद्यांनी सांगितलं, धातू अंगाला लागू देऊ नका. पण मंगळसूत्र उतरवलं आणि धन्याला काही झालं तर? वहिनी ऐकेनात. मग भाऊंनी चाकणच्या बाजारातून काळे मणी आणून सुती दोऱ्यात ओवले आणि वाट्यांच्या जागी हळकुंडाचे तुकडे बांधले. वहिनींनी ते घातलं, पण बजावून: "तुमाला साधं पडसं जरी झालं, तरी मी जुनं घालनार."

मला हसू आलं, आणि त्या माणसाबद्दल मायाही वाटली.

त्या पावसाळ्यात भाऊंना सणकून ताप भरला. कामावरून ते परस्पर आमच्याकडे आले. "ओव्हरटाइम हाय म्हनून सांगा घरी," म्हणाले आणि घोंगडी ओढून पडले.

मी निरोप घेऊन गेलो. सारजावहिनी चुलीपाशी होत्या. गळा अगदी स्वच्छ, त्यावर तो दोरा. काही न विचारता त्यांनी झाकलेला गरम तांब्या माझ्या हातात दिला.

"काढा हाय. तुमच्या घरी केला म्हनून सांगा."

"वहिनी, तुम्हाला माहीत आहे?"

"व्हय. जीव घाबरतो माझा. जुनं घालावं वाटतं. पर ते एवढं लपवत्यात, तर मी बी लपवते."

मी घरी येऊन, आमच्या हिनं केलाय म्हणत, भाऊंना काढा दिला. त्यांनी दोन घोट घेतले. मग माझ्या कानाशी आले.

"तुमच्या घरात वहिनींना सांगू नगा," ते म्हणाले, "पर आमच्या मंडळीच्या काढ्याची सर न्हाई ह्याला."