मुरलीकाका आणि न थांबणाऱ्या गाड्या

आमच्या बुधवारा मोहल्ल्यातले मुरलीकाका थांबलेल्या गाडीचा फोटो काढत नाहीत. "उभी काय, म्हैसपण राहते," म्हणतात. बुऱ्हाणपूर स्टेशनावर न थांबता धडधडत जाणाऱ्या गाड्यांवरच त्यांचा जीव. पुतण्याच्या लग्नात कॅमेरा हाती दिला, तर नवरा-नवरीला मंडपातून चारदा पळवलं. "पळा बेटा, उभा माणूस फोटोत मरून जातो!" हार तुटले, नवरीची चप्पल हरवली. फोटो मात्र झकास आले.

कागद कारखान्यात काकांची सगळी नोकरी उजेडासमोर कागद धरून डाग शोधण्यात गेली. आता गाड्यांचे फोटो छापून आणतात आणि तसेच उजेडात धरतात. चहाला गेलं की बशीच्या आधी हातात भिंग येतं. "इंजिन सोड. खिडक्या बघ."

एका दुपारी मी खरंच बघितल्या. तीन फोटो, तीन वेगळ्या गाड्या. तिन्हींत एकाच जागच्या खिडकीत हिरव्या लुगड्यातली एकच बाई. चेहरा काचेला टेकलेला, नजर फलाट धुंडाळणारी.

"काका, ही कोण?"

"तुला पण दिसली ना?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. तुझी काकू आहे ती."

काकूंना मी कधी पाहिलं नव्हतं. मी इथं राहायला येण्याआधीच त्या वारल्या. काकूंचा भाऊ त्यांना ऑपरेशनला मुंबईला नेत होता. काका दोन दिवसांनी जाणार होते. स्टेशनावर सोडायला आलेले काका नळावर बाटली भरायला गेले आणि गाडी सुटली. काकू परतल्या नाहीत.

"खिडकीतून शोधत राहिली असंल. साधा हातपण नाही हलवला मी, बेटा."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी त्यांच्यासोबत स्टेशनावर गेले. लांबून गाडी दिसताच त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला.

"आज तू काढ. मला हात मोकळे पाहिजेत."

गाडी धूळ उडवत आली आणि गेली. मी बटण दाबत राहिले. काका दोन्ही हात उंचावून हलवत होते. शेवटचा डबा दिसेनासा झाला, तरी हात खाली येईनात.

मी फोटो एकेक करून पाहिले. त्या खिडकीत कुणीच नव्हतं. पुन्हा पाहिलं. नुसती काळी काच.

काकांनी कॅमेरा मागितला नाही. रुळांकडे बघतच विचारलं, "हसली का?"

"हसली," मी म्हणाले.