चाखायला नेमलेले जावई

स्वयंपाकघरातला नळ फुटला, एवढंच निमित्त झालं. प्लंबर आला, नळाकडे बघून त्याने नुसतं "अरेरे" केलं आणि सामान आणतो म्हणून जो गेला तो गेलाच. त्यात सासू-सासरे मुक्कामाला आलेले. बायको पदर खोचून बादलीने पाणी उपसायला लागली, तेव्हा जावईबापूंच्या अंगात नको तेवढा उदारपणा आला.

"आज चूल नकोच," ते म्हणाले. "सगळे खाऊबाजारात जाऊ. मला तिथला कोपरा न् कोपरा ठाऊक आहे."

बोलून गेले आणि जीभ चावली. एका गल्लीचा कोपरा न् कोपरा ठाऊक होता खरा, पण तो कसा, हे घरात सांगण्यासारखं नव्हतं. जावईबापू पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. (घरचा नळ त्यांच्याच्याने दुरुस्त होईना, ती गोष्ट निराळी.) शनिवारी अर्धा दिवस भरला की "फायली उरल्यात" असा घरी फोन करायचे आणि थेट या बाजारात येऊन शिगेवर भाजलेलं मटण म्हणू नका, तळलेला मासा म्हणू नका, कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर हाणायचे. मग बडीशेप चावत, दमल्याचा चेहरा करून घरी.

आणि बायकोचं माहेर कसं? तर कॅलेंडरावर अंड्याचं चित्र आलं तर तो महिनाभर कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगणारं. सासरे वजनमापं तपासायच्या खात्यातून रिटायर झालेले. लग्न ठरवताना त्यांनी पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. एवढंच विचारलं, "कधी खाल्लंय?"

"जन्मात नाही," जावईबापू छातीवर हात ठेवून म्हणाले होते. हात छातीवर ठेवला तो ढेकर दाबायला. सकाळीच कोंबडी झाली होती.

त्या घराची आणखी एक रीत होती. सासऱ्यांच्या ताटात एकदा कुणाच्या तरी घरी खिम्याची वडी आली होती. घास तोंडाशी नेला आणि कुणीतरी हात धरला म्हणून वाचले. तेव्हापासून बाहेरचं काही खायचं झालं की आधी एकाने चाखायचं, त्याने मान हलवली की मगच बाकीच्यांनी हात लावायचा. आता चाखणाऱ्याला मुळात मांसाची चव ठाऊक नको का? नाहीतर त्याला कळणार काय, कपाळ? पण इतक्या वर्षांत हा विचार त्या घरात एकाच्याही डोक्यात आला नव्हता. सासूबाई आपल्या चाखायच्या, मान हलवायच्या, आणि सगळे निर्धास्त जेवायचे.

त्या दिवशी सासूबाईंना सर्दी झालेली. नाक चोंदलेलं, जिभेला चव नाही.

"मग आज जावईबापू चाखतील," सासरे म्हणाले. "घरातलेच आहेत."

जावईबापूंना मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं. बाजाराच्या तोंडाशी पोचेपर्यंत वाटत होतं.

शनिवारच्या गल्लीला लांबचा वळसा घालून त्यांनी सगळ्यांना मागच्या अंगाने आत नेलं. तिकडे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, आणि तिकडचं त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. पहिलं दुकान पॅटिसवाल्याचं. बटाट्याचे पॅटिस, वर कोथिंबीर, दिसायला अगदी सोवळे. जावईबापूंनी घास घेतला आणि त्यांची जीभ आनंदाने उडालीच. मासळी! याच तेलात मासळी तळलेली, तीही ताजी.

चौघं तोंडाकडे बघतायत. म्हणजे घरचे तिघं आणि पॅटिसवाला.

"मीठ जास्त पडलंय," जावईबापू म्हणाले.

"मग राहू दे," सासरे म्हणाले.

"राहू दे कसं? अन्न का टाकायचं?" सासूबाई नाकातून बोलल्या. "घेतलंय ते संपवा हो तुम्ही. आमच्यासाठी एवढं कराच."

जावईबापूंनी चौघांचे पॅटिस संपवले.

पुढे नूडल्सवाला. कोबी, गाजर, सगळं दिसत होतं, पण परतलेलं होतं डुकराच्या चरबीत. जावईबापूंना वासानेच कळलं, तरी कर्तव्य म्हणून चाखलं. "कच्चे राहिलेत," म्हणाले, आणि चार बश्या रिकाम्या केल्या. मग सारणाचे पाव. सारण मशरूमचं, पण वरून तकाकी यायला फासलेली चरबी. "शिळे आहेत."

"शिळे?" पाववाला कडाडला. "भट्टीतून आत्ता काढलेत! हात लावून बघा, चटका बसेल!"

"चटका बसतोय, पण आतून शिळे," जावईबापू म्हणाले, आणि तिसरा पाव उचलला.

बायको त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "अहो, शिळं इतकं मिटक्या मारत खाता?"

"माझं काय, मी सोसतो."

"बघ, बघ," सासूबाईंचे डोळे भरून आले. (सर्दीनेही असतील.) "आपल्याला बाधू नये म्हणून बिचारा स्वतःच्या पोटाची वाट लावून घेतोय. असा जावई शोधून सापडायचा नाही."

एव्हाना बिचाऱ्याच्या पँटचं वरचं बटण सुटलं होतं, आणि बाकीच्यांच्या पोटात कावळे कोकलत होते. सासऱ्यांचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात पाटी दिसली, 'भाज्यांचं गरमागरम सूप'. मागे एक धिप्पाड बाई मोठ्या डावाने पातेलं ढवळत होती. सासरे बाकावर बसलेच.

"बस झालं. आता खारट असो की आळणी, मी इथून उठत नाही."

वाडगे आले. जावईबापूंनी घाईघाईने चमचाभर घेतलं आणि चमचा तसाच खाली ठेवला. पॅटिसच्या तेलाचं एक सोडा, इथे हाडांचा अर्क होता, चांगला रात्रभर उकळलेला.

"बाबा, पांचट आहे."

"असू दे."

"गार आहे."

सासऱ्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. "मग ही काय?"

"माशी होती, बाबा!"

"कुठाय?"

"पडता पडता राहिली."

"मग तिचे आभार माना," असं म्हणून सासऱ्यांनी चमचा भरला.

जावईबापू गप्प बसले असते तर कुणाला काय कळणार होतं? म्हातारा तृप्त होऊन उठला असता, सासूबाईंनी आणखी कौतुक केलं असतं, शनिवार पुढेही शनिवार राहिला असता. पण ज्या माणसाने प्रवासात दोन-दोन दिवस नुसत्या केळ्यांवर काढले, आगगाडीतला चहासुद्धा किटली बघितल्याशिवाय घेतला नाही, तो आता हाडांचं पाणी पिणार होता. तेही जावयावर विसंबून. चमचा मिशीला लागला आणि जावईबापूंचा धीर सुटला.

"बाबा, थांबा! त्यात कोंबडी आहे!"

सासऱ्यांचा चमचा हवेत राहिला.

"तुम्हाला काय ठाऊक?"

"वासावरून," जावईबापू पुटपुटले.

"वास आम्हीही घेतला."

"चवीवरून, बाबा."

बायकोने वाडगा खाली ठेवला. "शनिवारच्या फायली म्हणजे ह्या होय?"

जावईबापूंना घाम फुटला. काहीतरी थाप मारावी म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात सूपवाली कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"ओ साहेब! कोंबडी कुणाला म्हणता? माझ्या दुकानात कोंबडीचं पीससुद्धा कधी आलं नाही! बोकडाची नळी आहे ती, बोकडाची!"

"पण पाटीवर भाज्यांचं लिहिलंय," बायको म्हणाली.

"मग भाज्या नाहीत का त्यात? हे गाजर बघा, ही फरसबी बघा. नळी आपली चवीपुरती. ती काय कुणी गिळतं?"

सासऱ्यांनी चमचा वाडग्यात ठेवला, वाडगा लांब सारला आणि रुमालाने मिशी पुसली, पुन्हा पुसली. मग जावयाकडे वळले.

"जन्मात नाही म्हणाला होतात."

"त्याच दिवशी सकाळी खाल्ली होती, बाबा."

"आणि मघाचे पॅटिस?"

"मासळीच्या तेलातले."

"नूडल्स? पाव?"

जावईबापूंनी मान खाली घातली ती वर काढेनात. सासूबाई म्हणाल्या, "आणि मी रडले हो यांच्यासाठी!"

सासऱ्यांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "माणूस खोटा निघाला. पण वेळेवर ओरडला. ओरडला नसता तर माझा जन्म बाटला असता आणि मला पत्ताही लागला नसता. तेवढ्यावर मी बाकीचं सोडतो. घरात तुम्ही दोघं काय ते बघा."

जावईबापूंच्या जिवात जीव आला. बायकोकडे बघितलं आणि तो अर्धा परत गेला.

"पण," सासरे वजनकाटा तपासावा तशा नजरेने त्यांना वरून खालपर्यंत बघत म्हणाले, "इतकी वर्षं चोरून खाल्लंत, आमची अब्रू पणाला लावलीत, आणि शेवटी कोंबडी कुठली नि बोकड कुठला ते कळू नये? असलं माप आम्ही बाजारातून जप्त करायचो. आजपासून तुम्हाला चाखायच्या कामावरून काढलं." मग ते सूपवालीकडे वळले. "बाई, तुमची जीभ पक्की दिसते. आमच्या पुढे चला, चाखा, आणि चोख असेल तेच आम्हाला द्या. भूक लागलीय हो."

सूपवाली खूश झाली. "येते की! पण माझं दुकान कोण बघणार?"

तिघांनी एकदमच बोट केलं.

पाचेक मिनिटांत जावईबापू पोटावर पुरेना असा फुलाफुलांचा एप्रन बांधून, हातात डाव धरून पातेल्यामागे उभे होते. समोर मक्याच्या कणसांच्या दुकानापाशी सूपवालीने एक दाणा चावला, ऐटीत मान हलवली, आणि घरचे तिघं कणसांवर तुटून पडले. इतक्यात एक गिऱ्हाईक आलं, पातेल्यात डोकावलं आणि म्हणालं,

"काय हो, नळी कशाची घातलीत?"

जावईबापूंनी घसा खाकरला, आणि ते तोंड उघडणार तोच पलीकडून, गालात कणीस कोंबलेलं असताना, सासरे ओरडले,

"अहो, त्यांना नका विचारू! त्यांना त्यातलं काही कळत नाही!"