कमरुद्दीनभाऊंचं फिटिंग

वरोऱ्यात गाडीच्या सीटला कव्हर चढवावं ते कमरुद्दीनभाऊंनीच! सुरकुती दाखवा आणि कव्हर फुकट न्या, असं ते छातीठोकपणे सांगत, आणि वीस वर्षांत कुणाला फुकट नेता आलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत खुपायचं ते एकच, सीटच्या कडेला डोकं वर काढून बसलेलं पट्ट्याचं बक्कल. त्यानं फिटिंग बिघडतं म्हणून भाऊ ते आत दाबून वरून सरळ शिवून टाकत. गिऱ्हाईक कुरकुरलंच तर म्हणत, "गाडी चालवता येते नं? मग बांधून काऊन घेता? तुम्ही का बैल आहा?"

त्या रविवारी मुलीचा, कहकशाँचा रिश्ता पक्का करायला नवराबायको आपल्या गाडीनं ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या वसाहतीत निघाले. मुलगा अनस कहकशाँच्या मनात भरला होता. त्याच्या वडिलांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं, आणि वडील होते वीजकेंद्राच्या सुरक्षा विभागात. शिवण उसवा, आज तरी पट्टा लावा, असं सुरय्याबाईंनी बजावून पाहिलं. भाऊ नुसते हसले.

वसाहतीच्या फाटकावर पहारेकऱ्यानं हात आडवा केला. पट्ट्याशिवाय आत सोडणार नाही, मग पाहुणा असो की साहेब! उशीर होत चालला होता. शेवटी भाऊंनी खिशातलं ब्लेड काढून आपल्याच शिवणीवर चालवलं, एकदा स्वतःच्या सीटवर, एकदा सुरय्याबाईंच्या. काळीज चिरल्यासारखं झालं. कैक वर्षं कोंडलेल्या त्या बक्कलात फोमचा चुरा भरला होता. भाऊंनी सगळा राग काढून पट्टा त्यात खुपसला. खट्!

अनसच्या क्वार्टरपुढे सुरय्याबाई उतरल्या. भाऊंचा पट्टा सुटेचना. बटण दाबलं, ठोकलं, बिस्मिल्ला म्हणून पुन्हा दाबलं. तेवढ्यात अनसचे वडील समोर आले. त्यांच्यादेखत पट्टा कापायचा तरी कसा? भाऊ सलाम करून ताठ बसून राहिले.

"वा भाऊ! गाडी उभी हाय तरी पट्टा? अशा घरची पोरगी आमाले भेटून राह्यली, नशीब आमचं."

सरबत खिडकीतूनच आलं. भाऊंनी ते ऐटीत घेतलं, आणि पट्ट्याचं महत्त्वही चार वाक्यांत समजावून सांगितलं. रिश्ता खिडकीतच पक्का झाला.

मग सोयऱ्यांनी विषय काढला. "तुमचं गाडीच्या सामानाचं दुकान हाय म्हणून इचारतो. वरोऱ्यात कोणी कव्हरवाला हाय, मायाच भावाच्या गाडीचं बक्कल शिवून टाकलं त्यानं. गाडी झाडाले ठोकली, भावाच्या कपायाले सात टाके पडले. मी त्याले ढुंढून राह्यलो."

भाऊंनी सरबताचा पेला घाईघाईनं पुन्हा तोंडाला लावला. गप्प राहा म्हणून त्यांनी बायकोला डोळ्यांनी विनवलं.

सुरय्याबाई शांतपणे म्हणाल्या, "ढुंढाले कुठी जाता, भाईजान? बांधूनच आणला मी त्याले."

रिश्ता मोडला नाही. सोयऱ्यांनी पकड आणून भाऊंना सोडवलं, पण अट घातली की निकाहाच्या आत शिवलेलं प्रत्येक बक्कल मोकळं झालं पाहिजे. तेव्हापासून भाऊ ब्लेड घेऊन जुनी गिऱ्हाइकं शोधत फिरतात, पट्टा लावून. सुरकुतीची पैज अजून कायम आहे. चिरेबद्दल मात्र कुणी विचारायचं नाही.